हातावरचें पोट



आपल्या भाषेंत ‘हातावर पोट असणें’ असा एक वाक्प्रचार आहे. शाळेंत त्याचा अर्थ सांगतांना ‘रोज कमवावें आणि रोज खावें, अशी स्थिति’ असें मी सांगत असें, आणि मुलें तें वहींत उतरून घेत. परंतु त्या वाक्प्रचारांत जो प्रश्न दडलेला आहे, तो मीं वर्गांत कधीं विचारला नाहीं आणि मुलांनींहि मला विचारला नाहीं. पोट जर हातावर आहे, तर तो हातच मोडल्यावर पोटानें कशावर राहावयाचें?

गिरणींतील कामगारास मालक असतो; शिक्षकास सरकार किंवा संस्था असते. सुतार, शिंपी, विणकर, न्हावी, गाडीवान हे मात्र स्वतःच स्वतःचे मालक. त्यांचा हात थांबला कीं चाकरहि बसला आणि मालकहि बसला. या प्रश्नाचा आमच्या वऱ्हाडांतील गेल्या शंभर-दीडशें वर्षांचा इतिहास मला आज आपणांसमोर मांडावयाचा आहे. अकोटचा मनुष्य इतिहास सांगावयास बसला म्हणजे तो नरनाळ्याच्या किल्ल्याविषयीं बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. किल्ला आमच्या उत्तरेस सातपुड्यावर उभाच आहे. पण किल्ल्यांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी आज एका जमाखर्चाच्या वहीविषयीं बोलणार आहें.

ती वही माझ्या आईची. आमचे वडील सुतार होते. आजोबांचें घर नरनाळ्याच्या पायथ्याजवळच्या एका खेड्यांत बलुतेदार होतें; वडील मात्र रोख कामाच्या आशेनें, मी जन्मण्यापूर्वीं कांहीं वर्षें, अकोटास येऊन राहिले. बंड्यांचीं चाकें, वखर, तिफणी, डवरे हें त्यांचें काम, आणि वैशाख-ज्येष्ठ हा त्यांचा हंगाम; कारण पेरणीपूर्वीं प्रत्येक शेतकऱ्यास आपलीं अवजारें नीट हवीं असतात. १९६९ सालच्या मे महिन्यांत, ऐन हंगामांत, बाभळीचा एक ओंडका घसरून त्यांच्या उजव्या हातावर आला आणि मनगटाच्या वरचें हाड मोडलें. पहिले पंधरा दिवस हाड बसविणाऱ्या एका माणसाच्या हातीं गेले. हाड वांकडें बसलें. मग अकोल्यास जाऊन तें पुन्हां बसवून घ्यावें लागलें. हात साडेचार महिने कामास लागला नाहीं. मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों आणि माझा थोरला भाऊ तेरा वर्षांचा.

आमचें घर त्या साडेचार महिन्यांत कसें चाललें, तें मी सांगणारच आहें. पण त्याआधीं हेंच संकट आजोबांच्या तरुणपणीं, खेड्यांत, त्यांच्यावर आलें असतें तर काय झालें असतें, तें पाहूं.

बलुतेदारीची माहिती आतां बहुतेकांस पुस्तकांतूनच होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ हा ग्रंथ लिहून ती व्यवस्था बारकाईनें नोंदून ठेवली. तो ग्रंथ दख्खनच्या बाजूचा; तरी व्यवस्थेचा सांगाडा वऱ्हाडांत फारसा निराळा नव्हता. गांवच्या सुतारानें वर्षभर गांवाचीं अवजारें नीट ठेवावीं आणि सुगीच्या वेळीं खळ्याखळ्यावरून आपला धान्याचा वांटा न्यावा. चाकास इतके आणि वखरास इतके, असें वेगवेगळें मोजावयाचें नाहीं. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, बलुतें एका माणसाचें नसे, घराचें असे. एका भावाचा हात मोडला तर दुसरा भाऊ, पुतण्या, नाहीं तर शेजारच्या गांवचा भाऊबंद येऊन काम उरकी, आणि खळ्यावरचा वांटा त्याच दारीं येई. दुखापत एकाची, पण तिचा भार घराण्यानें आणि थोडाबहुत गांवानें उचललेला असे.

म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें मात्र कारण नाहीं. वांटा किती पडावयाचा, हें पुष्कळदां देणाऱ्याच्या मर्जीवर असे. पीक बुडालें कीं बलुतेंहि बुडे. आणि गांवानें हलकीं ठरविलेलीं कामें ज्यांच्या माथीं मारलीं होतीं, त्यांस तीच भाकरी बेडीसारखी झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं बिल आणलें, तें याचसाठीं. तुटपुंज्या मोबदल्यांत रात्रंदिवस राबविणारें वतन हें बंधन आहे, अशी त्यांची भूमिका होती. जुन्या गांवांत आधार होता, परंतु तो ज्याच्या त्याच्या जातीच्या खुंटास बांधलेला होता, हें विसरून चालणार नाहीं.

हा जुना आधार वऱ्हाडांत सुटत गेला, त्यास कापूस फार मोठें कारण झाला. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कंपनी सरकारच्या हवालीं केला. पुढें १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना. आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कधीं नव्हते इतके चढले. आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचली. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण खेड्यांत शिरलेला रोख पैसा परत गेला नाहीं. खळ्यावर ज्वारी मोजून देण्याऐवजीं कापूस विकून रुपये देण्याची चाल हळूहळू वाढली, आणि कारागीर खेडें सोडून बाजाराच्या गांवीं येऊं लागले. अकोट हें असेंच बाजाराचें गांव. येथील सतरंज्या एके काळीं नांवाजलेल्या होत्या.

रोखीच्या कामांत मान आहे आणि मोकळीकहि आहे. कोणाच्या खळ्यावर जाऊन उभें राहावें लागत नाहीं. पण खळ्यावरचा वांटा घरास मिळत होता आणि रोख मजुरी हातास मिळते, एवढा यांत फरक आहे. विणकराचा पाय मोडला कीं माग थांबतो, आणि माग थांबला कीं पैसा थांबतो. त्याच्या बदलीं कोणीं बसावें, हें आतां रीत म्हणून ठरलेलें नसतें. माझ्या वडिलांनीं खेडें सोडून जी मोकळीक मिळविली, तिची ही दुसरी बाजू त्यांस १९६९ च्या मे महिन्यांत दिसली.

येथें एक विसंगति सांगण्यासारखी आहे. मालाची काळजी वऱ्हाडांत फार लवकर घेतली गेली. कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांकरितां स्वतंत्र कायदा झाला. बाजारांचें नियमन करणारा देशांतील पहिला कायदा म्हणून त्याचा उल्लेख होतो. दलाल, मापाडी यांवर त्यानें देखरेख आणली. कापूस तोलतांना शेतकरी नागवला जाऊं नये, याची अशी तजवीज झाली. पण तो कापूस ज्या पाठीवरून तोलाईच्या जागीं येई, त्या पाठीस इजा झाली तर काय, हें त्या वेळीं कोणाच्या मनांत आलें नाहीं.

शरीराच्या इजेचा हिशेब प्रथम कारखान्यांत मांडला गेला. जर्मनींत बिस्मार्कनें १८८४ सालीं औद्योगिक अपघातांचा सक्तीचा विमा आणला. आपल्याकडे १९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि तो १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. वऱ्हाडांत गांवोगांव सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने होते. यंत्रांत हात सांपडण्याचें भय तेथील मजुरांस नित्याचें होतें. त्यांच्या दृष्टीनें हा कायदा मोठाच होता. त्यास एक परिशिष्ट जोडलेलें होतें. मीं तें प्रथम वाचलें तेव्हां अंगावर कांटा उभा राहिला. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ७० गेली असें धरावें. डावा गेला तर ६०. गुडघ्यापासून पाय गेला तर ६०. एक डोळा गेला तर ३०. अंगठा गेला तर २५. आणि अंगठ्याजवळचें बोट गेलें तर १०. माणसाच्या अवयवांचा हा भाव वाचवत नाहीं. तरीहि त्या परिशिष्टाचे उपकारच मानले पाहिजेत. कारण मजुराचा हात गेला म्हणजे कांहीं एक मोजण्यासारखें गेलें, आणि तें दुसऱ्या कोणीतरी भरून दिलें पाहिजे, हें त्यानें कबूल केलें. पुढें १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. हे दोन्ही कायदे मग २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट करण्यांत आले.

परंतु भरपाईच्या या विचाराचा पाया एकच होता, आणि तो म्हणजे मालक. मालक असेल तर त्यानें द्यावें. ज्याचा मालक तो स्वतःच, त्यानें कोणाकडे मागावें? माझ्या वडिलांचा उजवा हात कारखान्यांत मोडला असता तर त्याचा हिशेब झाला असता. तो स्वतःच्या दारांत मोडला, म्हणून झाला नाहीं.

अशा माणसास मग सावकाराचें दार उरतें. श्री गाडगे महाराजांचा जन्म १८७६ सालीं अंजनगांव-सुर्जीकडील शेंडगांव येथें, म्हणजे आमच्या शेजारींच झाला. मामाची शेतजमीन सावकाराच्या कर्जापायीं कशी जाते, हें त्यांनीं लहान वयांत पाहिलें, आणि ऋण काढूं नका हें पुढें जन्मभर कीर्तनांतून सांगितलें. सणासाठीं काढलेलें ऋण मनुष्यास टाळतां येतें. मोडलेल्या हातासाठीं काढावें लागणारें ऋण कसें टाळावें, हा प्रश्न अधिक कठीण आहे. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३३ सालीं कर्ज-तडजोडीचा आणि १९३४ सालीं सावकारीसंबंधीं कायदा झाला. यांचा रोख मुख्यतः शेतकऱ्याकडे होता, आणि तें योग्यच होतें. पण पेढीस तारण लागतें तें जमिनीचें, नाहीं तर येणाऱ्या पिकाचें. भूमिहीन कारागिराचें तारण म्हणजे त्याचा हात. आणि पैशाची गरज पडते त्या वेळीं नेमका तोच गळ्यांत बांधलेला असतो.

आतां आईच्या वहीकडे वळूं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. वडिलांचा हात मोडल्यावर तिसऱ्या रात्रीं तिनें माझी एक अर्धी कोरी वही घेतली आणि कंदिलाजवळ बसून तीन रकाने पाडले: ‘लोकांकडून येणें’, ‘आपलें देणें’ आणि ‘न थांबणारा खर्च’. घरांत शिल्लक ४० रुपये होती. येणें, अकरा घरांकडे मिळून, २१० रुपये होतें. महिन्याचा खर्च ९० रुपये होता, तो तिनें एकेक ओळ छाटून ६२ वर आणला. काय छाटलें, तें आजहि दिसतें: गूळ, चहा, वडिलांची सुपारी, माझ्या सदऱ्याचें कापड. काय छाटलें नाहीं, तेंहि दिसतें: ज्वारी, घासलेट, घरभाडें. घरमालक आणि किराणा दुकानदार या दोघांकडे ती स्वतः गेली आणि जें झालें होतें तें त्यांस सांगून आली. उधारी थकल्यावर सांगणें वेगळें आणि थकण्याआधीं सांगणें वेगळें, असें ती पुढें नेहमीं म्हणे.

येणें वसूल होणें सर्वांत अवघड होतें. वऱ्हाडांत कापूस विकल्यावर उधारी फेडण्याची रीत. जून महिन्यांत शेतकऱ्याजवळ बियाण्यासहि पैसा नसतो. तरीहि तिनें अकराहि घरीं मला आणि भावाला निरोप देऊन धाडलें. एकूण ९६ रुपये रोख आले, आणि दोन शेतकऱ्यांनीं, पैसा नाहीं म्हणून, मिळून दोन मण ज्वारी बंडींतून आणून टाकली. आजोबा तेव्हां समाचारास आलेले होते. ती ज्वारी पाहून ते म्हणाले, ‘हे त बलुतंच झालं.’ अकरांपैकीं तीन घरें पगारदार मंडळींचीं होतीं. त्यांनीं टेबल, कपाट व झोपाळा करून घेतला होता, आणि त्यांच्याकडे मिळून ९८ रुपये होते. तिन्ही घरीं आम्हां भावांस ‘पुढच्या महिन्यांत या’ असें अगदीं सभ्यपणें सांगण्यांत आलें. ते पैसे दिवाळीनंतर मिळाले.

मग काय मोडावें, हा प्रश्न आला. मोडण्यासारख्या वस्तू घरांत तीन: आईची सोन्याची पोत, वीस तोळ्यांच्या चांदीच्या तोरड्या, आणि वडिलांचीं हत्यारें. एका गृहस्थानें हत्यारांचे ७५ रुपये देऊं केले होते, आणि वडील इतके खचले होते कीं ते तयारहि झाले. आई म्हणाली, ‘हत्यार इकलं त मंग हात बरा होऊन कराचं काय?’ वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट, करवती, सारें घरांतच राहिलें.

पोत गहाण टाकावी, असें शेजारणींचें मत पडलें. १५० रुपये मिळत होते, दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें. आईनें बोटांवर हिशेब केला: महिन्यास तीन, वर्षास छत्तीस, दोन वर्षें सोडवतां आली नाहीं तर बहात्तर रुपये व्याजाचेच, आणि मग पोत बहुधा जावयाचीच. तिनें तोरड्या विकल्या. त्यांचे १२० रुपये आले. विकलेल्या वस्तूचें दुःख एकदां होतें. गहाण ठेवलेली वस्तु दर महिन्यास घरांतलें खाते. सरळव्याजाचीं उदाहरणें शिकवितांना हा हिशेब मीं पुष्कळ वर्षें फळ्यावर मांडला. तो कोणाच्या घरचा, हें मात्र मुलांस सांगितलें नाहीं.

उरला प्रश्न गिऱ्हाइकांचा. साडेचार महिने काम बंद राहिलें तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातें आणि तेथेंच रमतें. हा तोटा कोणत्याहि रकान्यांत बसत नाहीं, पण तो बाकी साऱ्यांहून मोठा असतो. तेव्हां खेड्यांतून वडिलांचा पुतण्या आला. ‘काका, तुमी नुसते बसून सांगा, मी करतो,’ असें त्यानें म्हटलें. हत्यारें वडिलांचीं, जागा वडिलांची, हात त्याचे, मिळकत निम्मी-निम्मी. वडील खाटेवर बसून मापें सांगत आणि आरा नीट बसला कीं नाहीं तें डाव्या हातानें चांचपून पाहत. हंगाम बराच सरला होता, तरी या भागींतून आमच्या वांट्यास ९० रुपये आले. पूर्वीं जें रीत म्हणून झालें असतें, तें येथें नात्यानें झालें.

आतां बेरीज करून पाहा. शिल्लक ४०, वसुली ९६, तोरड्यांचे १२० आणि भागीचे ९०, मिळून ३४६. साडेचार महिन्यांचा घरखर्च २७९ आणि औषधपाणी व अकोल्याच्या खेपा ७०, मिळून ३४९. तीन रुपयांची तूट आली, ती त्या दोन मण ज्वारीनें झांकून काढली. सावकाराचें नांव त्या वहींत नाहीं.

आमच्या घरीं अशी ओढाताण चाललेली असतां, त्याच १९६९ सालीं, महाराष्ट्रांत माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. आपल्या विषयाच्या इतिहासांत मी या कायद्यास फार वरचें स्थान देतों. हमाल आज एका अडत्याचें पोतें उचलतो आणि उद्यां दुसऱ्याचें. मग त्याचा मालक कोण? या एका प्रश्नावर त्याचे सारे हक्क अडून बसले होते. मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडींची आणि पुण्यांत डॉ. बाबा आढाव यांनीं हमाल पंचायतीच्या द्वारें हमालांची संघटना बांधली. अशा चळवळींतून जें उत्तर निघालें तें साधें होतें. मालक एक नसेल, पण बाजार तर एक आहे! म्हणून सरकार, व्यापारी व कामगार यांचें मिळून एक मंडळ असावें; व्यापाऱ्यानें हमालाची मजुरी मंडळाकडे भरावी, आणि तिच्यावर ठरलेल्या प्रमाणांत लेव्ही भरावी; आणि त्या लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, औषधोपचार अशा सोयी व्हाव्या. कापसाच्या तोलाचा कायदा १८९७ चा. तो कापूस वाहणाऱ्यासारख्या पाठींचा कायदा १९६९ चा. मध्यें बहात्तर वर्षें गेलीं. बलुत्यांतला जो गुण होता, म्हणजे एकाच्या दुखण्याचा भार अनेकांनीं उचलणें, तो येथें जातीच्या बेडीवांचून परत आणण्याचा प्रयत्न झाला. पण याहि कायद्याचा हात नोंदलेल्या कामगारापर्यंतच पोंचतो. दारांत बसून चाक करणारा सुतार त्याच्या बाहेरच राहतो.

आज त्या सुतारास काय आहे? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ सालीं निघाली. तिचा वर्षाचा हप्ता प्रथम १२ रुपये होता; जून २०२२ पासून तो २० रुपये करण्यांत आला. १८ ते ७० वर्षें वयाच्या खातेदारास ती घेतां येते. अपघातानें मृत्यु आला, किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात अथवा दोन्ही पाय कायमचे गेले, तर दोन लाख रुपये. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. शेतकरी कुटुंबांकरितां राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची अपघात-योजना आहे, आणि इस्पितळाच्या खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. हा लाभ लहान नव्हे; वीस रुपयांचा हप्ता चुकविणें हा तर निव्वळ आळस होय. पण माझ्या वडिलांचा हात गेला नव्हता, थांबला होता. गेलेल्या हातास या योजनांत किंमत आहे. साडेचार महिने थांबलेल्या हातास नाहीं. विमा कंपन्यांच्या कांहीं वैयक्तिक अपघात-विम्यांत तात्पुरत्या असमर्थतेबद्दल आठवड्यास ठराविक रक्कम देण्याचें कलम असतें. स्वतःच्या हातावर कमावणाऱ्यानें विमा घेतांना तें कलम आहे कीं नाहीं, एवढें तरी विचारून घ्यावें. बाकीचें काम अजूनहि घरांतल्या वहीवरच सोंपविलेलें आहे. म्हणून ती वही हात मोडण्याआधीं मांडलेली बरी: कोणाकडे काय येणें आहे, चार महिन्यांचा न थांबणारा खर्च किती, काय आधीं मोडावयाचें आणि काय कधींच मोडावयाचें नाहीं.

आणि येथेंच मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सावकाराचें नांव वहींत नाहीं, असें मीं मघां जरा अभिमानानें म्हटलें. भागीचे ९० रुपये हा आंकडाहि मीं आपणांस वाचून दाखविला. पुतण्या खेड्यांतून एकटाच आला होता, आणि ओंडका फाडण्याची मोठी करवत दोघांनीं ओढावयाची असते. तिचें दुसरें टोंक माझ्या थोरल्या भावानें धरलें. तो सातवी पास झालेला होता आणि त्या जूनमध्यें आठवींत बसावयाचा होता. चार महिन्यांपुरतेंच, असें ठरलें होतें. हात बरा झाला, पण वडिलांस जड वाकस पुन्हां पेलवला नाहीं. ते पुढें पोळपाट, पाळणे, चौरंग अशीं हलकीं कामें करीत राहिले, आणि करवत भावाकडेच राहिली. मी शिकलों, मॅट्रिक झालों, मास्तर झालों. आईच्या वहींतील प्रत्येक ओळ खरी आहे. फक्त माझ्या भावाची आठवी तींत कोठें मांडलेली नाहीं. ऋण निघालेंच होतें, पण तें त्याच्या नांवावर. मीं एकदां त्यास हें बोलून दाखविलें, तेव्हां तो म्हणाला, ‘माही आठवी गेली, पण वाकस त राह्यला ना घरात.’ आईस दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. त्या आठवीचा लाभ मलाच झालेला आहे.

मात्र मास्तरकी केलेला मनुष्य हिशेब पुन्हां तपासल्यावांचून राहत नाहीं. भागीचे आले ९०. आणि त्या तीन पगारदार घरांकडे, टेबल, कपाट व झोपाळा यांपोटीं, थकलेले होते ९८. ते जूनमध्येंच मिळाले असते, तर करवतीचें दुसरें टोंक धरावयास मजुरीचा माणूस ठेवून, किंवा तें काम सोडून देऊनहि, घर चाललें असतें आणि भाऊ शाळेंत गेला असता. त्या घरांतलीं माणसें वाईट नव्हतीं. ‘पुढच्या महिन्यांत’ या शब्दांचा अर्थ आमच्या घरीं काय होतो, हें त्यांस ठाऊक नव्हतें, इतकेंच.

माझे श्रोते बहुतेक पगारदार, शिकलेले, शहरांत राहणारे असतील, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. आपल्या घरीं फर्निचर करणारा, कपडे शिवणारा, नळ दुरुस्त करणारा जो असेल, त्याच्या घरींहि एक वही असेल, आणि तिच्या पहिल्या रकान्यांत आपलें नांव असेल. तें आज संध्याकाळीं खोडून टाकतां आलें तर पाहावें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.